गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि कष्टकरी भगिनींची तपासणी : परळच्या एका प्रयोगाचा अभ्यास

कर्करोग हा शब्द कानावर पडला की आपल्या मध्य मुंबईतील माणसाच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा उभे राहते ते परळचे टाटा हॉस्पिटल. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या या रुग्णालयात महाराष्ट्रातूनच नव्हे तर बिहार, बंगाल, आसामातूनही माणसे येतात. दादर पूर्वेच्या संत गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत कितीतरी रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक महिनोन्‌महिने राहतात. कामावर जाता-येता हातात जाड फाइल आणि नाकातोंडाला रुमाल बांधलेली ही माणसे आपल्याला रोज दिसतात. दिसतात म्हणूनच की काय, आपली नजर त्यांना सरावली आहे.

या गर्दीत गर्भाशयमुखाच्या, म्हणजे बायकांच्या भाषेत पिशवीच्या तोंडाच्या, कर्करोगाने आलेल्या स्त्रियाही असतात. त्यांच्याविषयी स्वतंत्र लिहिण्याचे कारण असे की, हा रोग वेळीच हेरला तर कर्करोग होण्याच्या आधीच थांबवता येतो. आणि तो कसा थांबवावा याचे एक मोठे उत्तर परदेशात नव्हे, आपल्याच परळच्या डॉक्टरांनी आपल्याच मुंबईच्या झोपडपट्ट्यांत शोधले. तरीसुद्धा आपल्या घरातील, शेजारातील किती भगिनींची ही तपासणी झाली आहे, असे विचारले तर बोटे मोडण्याइतकीही नावे निघत नाहीत. हे असे का, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

रोगाची ओळख

गर्भाशयाचा खालचा, योनिमार्गात उघडणारा भाग म्हणजे गर्भाशयाचे मुख. या ठिकाणच्या कर्करोगाचे मूळ जवळजवळ नेहमीच एका विषाणूत असते. त्याचे संक्षिप्त नाव एच.पी.व्ही. हा विषाणू आणि कर्करोग यांचा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे शंभराहून अधिक प्रकार आहेत, पण १६ आणि १८ या दोन क्रमांकांचे प्रकार सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारण ठरतात.

विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. एवढे वाक्य ऐकले की सभेत बायका खाली पाहतात आणि पुरुष उठून बाहेर जातात. म्हणून येथे स्पष्ट सांगितले पाहिजे की, संसारी माणसांपैकी बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी या विषाणूची लागण होते. दहातल्या नऊ वेळा ती वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते, आपल्याला पत्ताही लागत नाही. थोड्यांच्या बाबतीत ती टिकून राहते, आणि लागण केव्हा झाली हे कोणीच सांगू शकत नाही. तेव्हा तपासणीत काही दोष निघाला म्हणून कोणाच्या चारित्र्याची चौकशी करणे हे अज्ञानही आहे आणि अन्यायही. टिकून राहिलेल्या लागणीतून पेशींत बदल होतात आणि त्यांचा कर्करोग व्हायला साधारणपणे दहा-पंधरा वर्षे लागतात. एच.आय.व्ही. असलेल्या स्त्रियांत हा काळ बराच कमी असतो.

ही दहा-पंधरा वर्षे हीच आपली संधी आहे. या काळात दुखत नाही, खुपत नाही. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बहुधा रोग पुढे गेलेला असतो. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याने मरतात. विद्यार्थ्यांनी ३६५ ने भागून पाहावे. दिवसाला दोनशेहून अधिक मृत्यू होतात.

पॅप, व्हिनेगर आणि विषाणूची चाचणी

श्रीमंत देशांत गेली साठ-सत्तर वर्षे ‘पॅप’ तपासणी चालते. गर्भाशयाच्या मुखावरून हलकेच पेशी खरवडून काचपट्टीवर घेतात आणि तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाहतो. या एका तपासणीने त्या देशांतील मृत्यू कितीतरी घटले. पण तिला प्रयोगशाळा लागते, काचपट्टी वाचणारा तज्ज्ञ लागतो, आणि निकाल यायला दिवस लागतात. त्या दिवसांत बाई गावी गेली, खोली बदलली, की निकालाचा कागद तसाच पडून राहतो.

दुसरी पद्धत इतकी साधी आहे की ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये असते तेच अॅसिटिक आम्ल, ३ ते ५ टक्क्यांचे, कापसाच्या बोळ्याने गर्भाशयाच्या मुखावर लावायचे आणि मिनिटभराने चांगल्या दिव्याच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी दिसते. निकाल तिथल्या तिथे. हिला ‘व्हिया’ म्हणतात. दोष म्हणजे पांढरा दिसणारा प्रत्येक डाग धोक्याचा नसतो, त्यामुळे अनेकींना विनाकारण पुढच्या तपासणीला जावे लागते. तसेच पाळी गेलेल्या स्त्रियांत पाहण्याची जागा आत सरकते, म्हणून पन्नाशीनंतर तिचा उपयोग कमी होतो.

तिसरी पद्धत म्हणजे खुद्द विषाणूचीच चाचणी. ती महाग आहे, पण सर्वांत विश्वासाची आहे. तिचा आणखी एक गुण पुढे येईलच.

मुंबईचा प्रयोग

१९९८ साली टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या प्रतिबंधक कर्करोग विभागाने डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील झोपडपट्ट्यांचे वीस गट निवडले. दहा गटांत तपासणी करायची, दहा गटांत फक्त कर्करोगाची माहिती द्यायची, आणि वर्षानुवर्षे दोन्हीकडे लक्ष ठेवायचे, अशी रचना होती. वय ३५ ते ६४. दोन्ही मिळून १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रिया. दर दोन वर्षांनी एक याप्रमाणे तपासणीच्या चार फेऱ्या झाल्या आणि त्याबरोबर स्तनांचीही तपासणी झाली.

माझ्या मते या प्रयोगातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय व्हिनेगरचा नव्हे. तो तपासणी कोणी करायची याचा आहे. डॉक्टर नाही, परिचारिकाही नाही, तर दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक मुली-बायका निवडल्या गेल्या आणि चार आठवड्यांच्या प्रशिक्षणाने त्यांना तयार केले गेले. तपासणीची जागाही वस्तीतच. आपल्यासारखीच साडी नेसणारी, आपलीच भाषा बोलणारी बाई घरी येऊन समजावते आणि चार पावलांवर तपासणी होते. मग बायका आल्या की नाही? बोलावलेल्यांपैकी ८९ टक्के आल्या. आमच्या बँकेत केवायसीची कागदपत्रे आणून द्या म्हणून तीन-तीन पत्रे पाठवूनही एवढे खातेदार येत नाहीत.

बारा वर्षांच्या पाहणीचा निकाल जून २०१३ मध्ये अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत मांडला गेला आणि २०१४ साली तो शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. तपासणी न झालेल्या गटात या रोगाने मृत्यूचे प्रमाण वर्षाला लाख स्त्रियांमागे १६.२ होते, तपासणी झालेल्या गटात ते ११.१ आढळले. ११.१ ला १६.२ ने भागा, उत्तर ०.६९ च्या आसपास येते. म्हणजे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. अशी तपासणी देशभर झाली तर दरवर्षी २२ हजार स्त्रियांचे प्राण वाचतील, असा अंदाज संशोधकांनी तेव्हा बांधला.

पण याच अहवालात आणखी एक आकडा आहे, तो वर्तमानपत्रांनी फारसा छापला नाही. तपासणीत संशय आलेल्या ज्या स्त्रियांना खात्रीसाठी रुग्णालयात बोलावले, त्यांपैकी सुमारे ७९ टक्के गेल्या. वस्तीत पहिल्या तपासणीला ८९ टक्के येतात, आणि जिला खरोखर गरज आहे त्या पाचांतली एक पुढे जात नाही. हा प्रयोग चालवणारी माणसे मागे लागून, घरी जाऊन बोलावत होती, तरी ही गत. मग जेथे कोणी मागे लागणारे नाही तेथे काय होत असेल?

उस्मानाबाद आणि बार्शी

आपल्याकडील दुसरा मोठा प्रयोग मराठवाड्यातला. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाचे ग्रामीण भागातील काम १९८० च्या दशकापासून चालू आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तेथेच १९८७ साली सुरू झाली. त्या कामाच्या आधारावर, टाटा रुग्णालयाच्या सहकार्याने, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ गावगटांतील ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचे चार भाग केले. एका भागाला पॅप, एकाला व्हिया, एकाला विषाणूची चाचणी, तीही आयुष्यात एकदाच. चौथ्या भागाला नेहमीची सेवा.

आठ वर्षांनी, २००९ साली निकाल आला. चौथ्या भागातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी या रोगाने गेल्या होत्या. विषाणूची चाचणी मिळालेल्या भागातील ३४,१२६ पैकी ३४. हजारी दोन आणि हजारी एक, असा हा हिशेब. एका चाचणीने मृत्यू निम्मे झाले. पॅप आणि व्हियाच्या भागांत मात्र एकाच फेरीने ठळक फरक दिसला नाही. मुंबईत व्हिया यशस्वी ठरली ती चार फेऱ्यांमुळे, हे येथे लक्षात येते. स्वस्त चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते, महाग चाचणी क्वचित केली तरी चालते. हा हिशेब गरिबांच्या बाजूने मांडला तर महाग चाचणी तितकी महाग राहत नाही, कारण प्रत्येक फेरीमागे बाईचा एक खाडा असतो आणि तो सरकारी खर्चात कोठेच धरला जात नाही.

या प्रयोगांवर गंभीर आक्षेपही घेतले गेले. तपासणीने जीव वाचतो हे पाश्चात्त्य देशांत अनेक वर्षे ठाऊक असताना हजारो गरीब स्त्रियांना तुलनेसाठी तपासणीविना का ठेवले, त्यांना पॅप तपासणी अस्तित्वात आहे हे नीट सांगितले होते का, असे प्रश्न देशात आणि परदेशात विचारले गेले. भारतात त्या वेळी अशा तपासणीची कोणतीही सार्वत्रिक योजना नव्हती, म्हणून तुलनेचा गट नेहमीच्या सेवेवरच होता, असे उत्तर संशोधकांनी दिले. उत्तर खोटे नाही. परंतु ‘नेहमीची सेवा’ म्हणजे काहीच नाही, ही जी आपल्या देशाची स्थिती होती तिची किंमत झोपडपट्टीतल्या आणि खेड्यातल्या बायकांनी मोजली, हेही तितकेच खरे. त्या बायका कोणत्या समाजाच्या असतील हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. त्यांच्यामुळे जे ज्ञान मिळाले ते तरी त्यांच्या लेकी-सुनांपर्यंत पोहोचायला हवे होते.

पोहोचले का? २०१६ साली केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या सर्व स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हिया तपासणी करावी असे मार्गदर्शन काढले. त्यानंतर झालेल्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातील ३० ते ४९ वयाच्या किती स्त्रियांची ही तपासणी कधी तरी झाली होती? शेकडा १.९. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ठरवलेले उद्दिष्ट २०३० पर्यंत शेकडा ७० चे आहे.

तपासणी का होत नाही?

‘आपल्या बायका अडाणी, लाजाळू’ असे म्हणून हा प्रश्न मिटवण्याची सवय शिकलेल्यांना असते. ८९ टक्क्यांचा आकडा या समजुतीला खोटे पाडतो. बायका येतात, पण त्यांना येता येईल अशी सोय हवी.

आता एका धुणीभांडी करणाऱ्या भगिनीचा दिवस पाहा. सकाळी सहाला पाणी, सात ते बारा चार घरची कामे, दुपारी एकला ती पासबुक घेऊन आमच्या शाखेत येते, कारण तेवढाच वेळ तिच्या हातात असतो. सार्वजनिक रुग्णालयाची ओपीडी सकाळची. केसपेपरची रांग, मग स्त्रीरोग विभागाची रांग, मग ‘अमुक वारी या’. म्हणजे दोन खाडे. चार घरांपैकी एका घरी दोन खाडे म्हणजे काम जाण्याची भीती. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. कामकरी स्त्रीची प्रकृती हा तिचा खाजगी प्रश्न नाही, तिच्या बुडालेल्या रोजाची भरपाई झाली पाहिजे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. पण ते कारखान्यातल्या बाईपुरते. घरकाम करणारी, भाजी विकणारी, कचरा वेचणारी बाई तपासणीसाठी एक दिवस घरी राहिली तर तिच्या भरपाईचा विचार आजही कोणी करत नाही.

दुसरी अडचण आडोशाची. अनेक ठिकाणी पडदा अर्धवट, दाराची ये-जा चालू, आणि तपासणारा पुरुष डॉक्टर किंवा सोबत चार विद्यार्थी. एकदा असा अनुभव आलेली बाई स्वतः तर परत येत नाहीच, पण चाळीतल्या दहा जणींनाही सांगते. येथे विषाणूच्या चाचणीचा तो दुसरा गुण कामी येतो. तिचा नमुना स्त्रीला स्वतःलाच, आडोशाला जाऊन, लहानशा ब्रशने घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात ही पद्धत मान्य केली असून, तीस वर्षांपुढील स्त्रियांनी ही चाचणी पाच ते दहा वर्षांतून एकदा केली तरी चालेल असे म्हटले आहे. आपल्या वस्त्यांसाठी हीच पद्धत सरकारने आणावी, असे मला आग्रहाने वाटते.

तिसरी गोष्ट भीतीची, आणि ती निराधार नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची हकीकत अनेकांनी वाचली असेल. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने पाहणी केली तेव्हा सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ असे सांगून अंगावरून पांढरे जाण्यासारख्या साध्या तक्रारीसाठीही खाजगी दवाखान्यांत शस्त्रक्रिया झाल्याचे अनेकींनी सांगितले. ज्या बायकांना कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला लावली, त्यांची कॅन्सरची साधी तपासणी मात्र कोणी केली नव्हती. म्हणून हे ठासून सांगितले पाहिजे की, तपासणीत डाग दिसला म्हणजे पिशवी काढावी लागतेच असे नाही. पुढे दुर्बिणीतून पाहणी आणि गरज असल्यास लहान तुकडा काढून परीक्षा होते. कर्करोगाआधीचा बदल असेल तर ती जागा गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करतात. बहुतेक वेळा बाई त्याच दिवशी घरी जाते आणि पिशवी शाबूत राहते. कोणी एका भेटीत ‘काढून टाका’ म्हणाले तर दुसऱ्या, शक्यतो मोठ्या सार्वजनिक रुग्णालयातील डॉक्टरांचे मत घ्यावे.

उपचाराच्या खर्चाची भीतीही मोठी आहे. प्रत्यक्ष कर्करोग निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरील नाव जुळत नसल्याने कितीतरी जणींची अडवणूक होते. हे काम आजारपण येण्याआधी करून ठेवावे. बँकेत असल्यामुळे सांगते, नावातला एक काना चुकला तरी कागद फिरत राहतो.

लसीविषयी थोडक्यात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या भारतीय लशीला २०२२ साली परवाना मिळाला. ९ ते १४ वयाच्या मुलींना ती दिल्यास सर्वांत जास्त उपयोग होतो. पण आज चाळिशीत असलेल्या आईला लेकीची लस वाचवू शकत नाही, आणि लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तपासणी लागतेच.

आपल्या संस्थेला काय करता येईल

आपल्या संस्थेकडे सभागृह आहे, महिला मंडळ आहे, रविवारी एकत्र येण्याची सवय आहे. प्रयोगात जी कामे पगारी कार्यकर्त्यांनी केली त्यांतली निम्मी आपल्याला बिनपगारी करता येण्यासारखी आहेत. रुग्णालयाच्या किंवा महानगरपालिकेच्या आरोग्य खात्याच्या स्त्री-पथकाला विनंती करून रविवारचे शिबिर घेता येईल. त्यासाठी पक्का आडोसा, झोपण्याचे टेबल, चांगला दिवा आणि हात धुण्याचे पाणी एवढी तयारी आपली. पुरुष सभासदांनी त्या दिवशी सभागृहाच्या बाहेर मुले सांभाळावीत. हे काम हलके नाही.

पण शिबिराचा फोटो काढून झाला की काम संपले असे समजणाऱ्या संस्था मी पुष्कळ पाहिल्या आहेत. खरे काम सोमवारी सुरू होते. शंभर जणींची तपासणी झाली आणि त्यांतल्या काही जणींना पुढे बोलावले, तर त्या प्रत्येकीबरोबर एक सोबतीण हवी, जी सकाळी तिच्या दाराशी जाईल, केसपेपरच्या रांगेत उभी राहील आणि डॉक्टर काय म्हणाले ते लिहून आणील. त्या दिवसाचा बुडालेला रोज संस्थेने आपल्या निधीतून द्यावा. सत्कार समारंभातील एका शालीच्या किमतीत हे बसते. आणि एक वही ठेवावी. बँकेत दिवसअखेर खाते जुळल्याशिवाय आम्ही उठत नाही, तसे या वहीतले प्रत्येक नाव जुळले पाहिजे. पुढची तारीख, सोबत जाणारीचे नाव, आणि गेली की नाही, एवढे तीन रकाने पुरेत. निकाल वहीत लिहू नये, तो तिचा आणि डॉक्टरांचा. वहीही एकाच जबाबदार भगिनीकडे असावी.

तीस वर्षांपुढील प्रत्येक विवाहित, विधवा, परित्यक्ता भगिनीने, काही त्रास नसला तरी, ही तपासणी करून घ्यावी. पाळी चालू असताना येऊ नये, नंतरची तारीख घ्यावी. गरोदर असल्यास किंवा पिशवी काढलेली असल्यास तसे आधी सांगावे. आणि पाळी जाऊन वर्षे झाली असतील व पुन्हा रक्त दिसले, तर शिबिराची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी रुग्णालय गाठावे.